श्राद्धाच्या ताटातला पीच

"आली का गं?" आईनं तव्यावरून मान न उचलता विचारलं.

"नाही अजून."

"मग खिडकीत लटकू नकोस. काकाला संशय येईल."

संशय कसला यायचा? काकाला दर वर्षी माहीत असतंच. आजोबांच्या श्राद्धाला, भर ऑगस्टच्या उन्हात, उन्जूआत्या सोलहून येते. फाटकाबाहेर उभी राहते, तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून घराकडे तोंड करून दोनदा माथा टेकवते आणि मिळेल त्या बसनं परत जाते. आत यायची तिला बंदी आहे. तिनं लिहिलेली 'आठ वाट्यांचं घर' ही मालिका टीव्हीवर लागली तेव्हापासून आजीनं तिचं नावसुद्धा घेतलेलं नाही. कारण मालिकेतलं घर आमचं होतं, तव्यापुढे घाम गाळणारी सून माझी आई होती, तोंडावर पेपर घेऊन झोपणारा थोरला मुलगा माझे बाबा होते आणि ती सासू, जिला बघून बसमधल्या बायकांचे दात आपोआप आवळले जायचे, ती कोण हे सांगायची गरजच नाही.

पण यंदाचं वेगळं होतं. आत्यानं मला फोनवर सांगितलं होतं, "दानबी, हे शेवटचं. डांबराला नमस्कार करून करून गुडघे गेले माझे."

"म्हणजे पुढच्या वर्षी येणार नाहीस?"

"पुढच्या नाही, त्याच्या पुढच्याही नाही. बंद दारापुढे किती वर्षं वाकायचं माणसानं?"

हे मी फक्त आईला सांगितलं. आई नुसती कोहळ्याची धिरडी उलटत राहिली. पण त्यातली दोन करपली, आणि माझ्या आईच्या हातून धिरडं करपणं म्हणजे समजून घ्या.

बाहेरच्या खोलीत काकाचं ताट मांडणं चालू होतं. तेशिककाका देगूच्या शाळेत नीतिशास्त्र शिकवतो आणि उरलेला वेळ आम्हाला. लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, माशाचं डोकं अमुक दिशेला. त्यासाठी त्यानं फोनमध्ये होकायंत्र घेतलंय.

"वहिनी, हा मासा तीन बोटं डावीकडे सरकलाय!"

"मग सरकवा तीन बोटं," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळून पुटपुटली, "मासा मेलाय, स्वतःहून तर येणार नाही."

बाबा अंगणालगतच्या ओट्यावर पेपर तोंडावर घेऊन पडले होते. मालिका लागली तेव्हा याच पेपरापायी त्यांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. आता मेक्सिकोतल्या बायका त्यांच्या पात्राची स्टिकरं एकमेकींना पाठवतात. 'पेपरवाला दादा' अख्ख्या मालिकेत जेमतेम दोनदा जागा होतो आणि दोन्ही वेळा बायकोला विचारतो, "जेवलीस का?" एवढ्यावर तिकडे लोक फिदा आहेत. बाबा कुणाला सांगत नाहीत, पण रोज मला हळूच विचारतात, "आज काही म्हणाल्या का त्या?"

आमच्याकडे मालिका पडली ती एका पीचमुळे. तिसऱ्या भागात सासू नवऱ्याच्या श्राद्धाच्या ताटात, भाताच्या वाटीआड एक पीच ठेवते. झालं! देशभर बोंब. पीचच्या वासाला भुतंखेतं टिकत नाहीत, आणि पितरही शेवटी त्यातलेच; म्हणून श्राद्धाच्या घरात पीच येत नाही. बालवाडीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. आमची तर पीचची बागच आहे, तरी त्या दिवशी एक फळ कुंपणाच्या आत आणत नाहीत. 'लेखिकेनं कधी श्राद्ध पाहिलंय का?' असं लोकांनी लिहिलं. आत्यानं उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी ती चूकच धरली आणि चॅनेल बदललं. मला विचाराल तर चूक हे निमित्त होतं. ही मालिका आमच्याकडे घरोघरी चालूच असते, तीही जाहिरातींशिवाय. टीव्हीवर कोण कशाला बघेल?

बाहेरच्या देशांत मात्र ती वणव्यासारखी पसरली. त्यांना पीचचं काही माहीत नव्हतं. त्यांना फक्त माणसं दिसली. मी स्वयंपाकघरात बसून आईला त्यांची मतं वाचून दाखवते. जकार्ताची एक म्हणते, ही सासू माझ्या घरी राहते, तुम्हाला कशी सापडली? ब्राझीलची एक दर रविवारी तेच लिहिते: 'झारा ठेव आणि नीघ, ताई!'

"कोणाला म्हणतेय ती?" आई दर वेळी विचारते.

"तुला."

"वेडी आहे," आई म्हणते. मग थोड्या वेळानं, "परत वाच."

तर आत्या आली. मी खिडकीतूनच पाहिलं. काळा ड्रेस, हातात काही नाही. तिनं चपला काढल्या. डांबरावर पाय ठेवल्या ठेवल्या 'आई गं' म्हणून परत घातल्या. ती वाकणार, इतक्यात एक टॅक्सी येऊन थांबली आणि त्यातून दोन परदेशी बायका उतरल्या. एक साठीची, रुंद, डोक्यावर गवती टोपी. दुसरी माझ्या आईच्या वयाची, गळ्यात फोन, कुशीत लाकडी पेटी. हुबेहूब मालिकेतल्यासारखं आमचं फाटक बघून दोघी अशा किंचाळल्या की वरच्या झाडातले किरकिरणारे किडे गप्प झाले.

मग धाकटीनं जवळ उभ्या असलेल्या आत्याच्या हातात फोन दिला आणि आमच्या भाषेत म्हणाली, "हे कुलीन स्त्रिये, आमचे एक चित्र काढण्याची कृपा करशील काय?"

आत्यानं फोटो काढला. तीन काढले. त्या दोघी हजारो मैल तुडवून जिच्यापायी आल्या होत्या, तीच त्यांना 'जरा डावीकडे सरका' सांगत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. लेखिकेचा चेहरा कोण लक्षात ठेवतं?

मी धावत फाटकापाशी गेले. काका माझ्या आधी पोचला होता. त्यानं आत्याकडे पाहिलंच नाही. तो पेटीकडे बघत होता.

"यात काय आहे?"

धाकटीनं मोठ्या आनंदानं झाकण उघडलं. पीच! गुलाबी, लव असलेले, घमघमणारे. पेटीवर आमच्याच बागेचा शिक्का. हमरस्त्यावरच्या दुकानातून आमचेच पीच विकत घेऊन त्या आमच्याच घरी भेट म्हणून आल्या होत्या. श्राद्धाच्या दिवशी.

काका असा मागे सरला जणू पेटीत साप आहे. "बाहेर! हे बाहेर! रस्त्याच्या पलीकडे! दानबी, दार लाव, वास आत जाईल!"

"महाशय, आमच्या हातून काही अपराध घडला काय?" धाकटीचा चेहरा पडला.

"ही अशी का बोलतेय?" काकानं मला विचारलं.

"ऐतिहासिक मालिका बघून शिकली असेल," आत्या रस्त्यावरून म्हणाली. "राजवाड्याच्या."

"तुला कुणी विचारलं नाही," काका म्हणाला. चार वर्षांत तो तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

आरडाओरडा ऐकून आजी ओट्यावर आली. माझी आजी, पार्क माल्सुन, उंचीला माझ्या खांद्याइतकी आहे, पण ती ओट्यावर आली की बाकीचे सगळे आपोआप अंगणात असल्यासारखे दिसतात. तिला पाहताच धाकटीनं पेटी जमिनीवर ठेवली, अंगणात शिरली आणि दोन्ही हात कपाळाला लावून पार मातीपर्यंत वाकली.

"महाराणीसाहेब! दासीचं नाव युदीत. या माझ्या सासूबाई, ग्रासिएला. पेरू देशीच्या अरेकिपा नगरीहून आलो. उन्हानं प्राण कंठाशी आले आहेत, जलप्राशनाची आज्ञा व्हावी."

आजीनं माझ्याकडे पाहिलं.

"काय म्हणतेय?" आजीनं विचारलं.

"पाणी मागतेय," मी म्हणाले.

"मग दे की. उन्हात उभं काय केलंस त्यांना? आणि जरा शीक तिच्याकडून. मोठ्यांशी बोलायची काय रीत आहे बघ."

"आई, आज श्राद्ध आहे," काका म्हणाला. "परकी माणसं..."

"श्राद्धाच्या घरातून कुणी तहानलेलं गेलेलं मी पाहिलं नाही. या गं, बसा."

पाहुण्या ओट्यावर बसल्या. बाबांनी पेपर बाजूला केला, आणि त्यांना बघून ग्रासिएलाबाईंनी दोन्ही हात छातीवर दाबले, जणू देवळात मूर्ती दिसली. बाबा लाजेनं लालबुंद झाले. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, "जेवलात का?"

दोघी बायका रडायलाच लागल्या.

फाटकाबाहेर आता दोनच गोष्टी उरल्या: पीचची पेटी आणि माझी आत्या. दोघींनाही घरात मज्जाव. आत्यानं अजून नमस्कार केला नव्हता. ती वाकली की निघून जाणार, कायमची, हे फक्त मला आणि आईला माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. आई झारा हातात धरून रस्त्याकडे बघत होती.

आईनं नंतर भांडी घासताना मला सांगितलं की तिला तेव्हा आत्याचा राग आला होता. मालिकेपायी नाही. 'ही निघून जाऊ शकते याचा,' आई म्हणाली. 'बस पकडते आणि जाते. मला त्या बसचा नंबरसुद्धा माहीत नाही.'

पाणी पिऊन झालं. ग्रासिएलाबाई काहीतरी भराभर बोलल्या. युदीतनं त्यांचा हात दाबला, "नको, आता नको" असा. बाई ऐकेनात.

"महाराणीसाहेब," युदीत ओशाळून म्हणाली, "माझ्या सासूबाईंचा आणि माझा एक कलह आहे. गेले वर्षभर. तो मिटवण्यासाठीच समुद्र ओलांडून आलो. आज्ञा असेल तर निवेदन करते."

"कर, कर." आजीला 'महाराणीसाहेब' चांगलंच मानवलं होतं. मांडी नीट घालून बसली.

"मालिकेत सासू पतीच्या ताटात पीच ठेवते. माझं म्हणणं, प्रेमानं ठेवते. त्याला पीच प्रिय होते. मी तो प्रसंग पाहून फार अश्रू ढाळले. पण सासूबाई म्हणतात..." ती अडखळली. ग्रासिएलाबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "सासूबाई निवेदन करतात की त्या मुखावर प्रेमाचा लवलेशही नव्हता. असं तोंड करून कोणतीही विधवा नवऱ्याला फळ देत नाही. ती त्याला हाकलत होती."

काका हसला. शाळेत पोरं चुकीचं उत्तर देतात तेव्हा हसतो तसा. "बाई, त्यात प्रेम नाही आणि राग नाही. ती निव्वळ चूक आहे. आमच्याकडे श्राद्धाला पीच चालत नाही. पितर घरात येऊ शकत नाहीत. लेखिकेला हे माहीत नव्हतं, एवढंच."

युदीतनं ते सासूला सांगितलं. ग्रासिएलाबाईंनी ऐकलं, आणि एकदम मांडीवर अशी थाप मारली की ओटा दणाणला. मग हसत, बोट नाचवत लांबलचक काहीतरी बोलल्या.

"सासूबाई म्हणतात, मग तर झालंच! मला न सांगता कळलं होतं." युदीतचा आवाज बारीक झाला. राजवाडा कुठल्या कुठे गेला. "म्हणतात, आमच्याकडेही मेलेल्यांचा दिवस असतो. मी कबरीवर बिअर नेते, गाणारे नेते, फुलं नेते. पण भरलेली तिखट मिरची नेत नाही. ती त्याला जन्मभर दर रविवारी लागायची आणि बिया काढताना माझे हात रात्रभर जळायचे. आता हवी तर उठून ये म्हणावं, आणि कर स्वतः."

माझं लक्ष आजीकडे होतं. आजीचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, आता फुटणार ज्वालामुखी, आता या दोघीही पेटीशेजारी जाणार. आणि आजी हसली. तोंडावर हात न ठेवता, दात नसलेली जागा दिसेल असं.

"बाई बरोबर बोलतेय," ती म्हणाली.

"काय?" काका म्हणाला.

"मीच ठेवला होता. तुझे बाबा गेल्यावर दुसऱ्याच श्राद्धाला. मुद्दाम ठेवला, भाताच्या वाटीमागे."

"आई, काहीतरीच! मला दिसला असता."

"तुम्ही पुरुष वाकलेले असता. बघतात त्या बायका." आजीनं फाटकाकडे नजर टाकली. "हिनं बघितला. सुपारीएवढीही अक्कल नसलेलं वय, तरी बघितलं आणि गप्प बसली. मला वाटलं, विसरली. आणि मग अख्ख्या जगाला दाखवलंन!"

काकाच्या चेहऱ्याचं काय सांगू? एवढी वर्षं तो फळांची दिशा होकायंत्रानं मोजत होता, आणि त्याच घरात त्याच्या सख्ख्या आईनं... "म्हणजे त्या वर्षी बाबा..." त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बाबा बाहेरच उभे राहिले? उपाशी?"

"राहिले असतील. मीही राहिलेच की जन्मभर त्या चुलीपुढे उभी. ताप असो, पोटात तू असोस, मासा खारट झाला म्हणून वाटी भिरकावलेली असो. आणि मेल्यावरही दर वर्षी येऊन बसणार ताटावर! एक वर्ष मला हवं होतं. एकच. कुणाला न वाढता जेवायचं होतं."

बाबा हातातल्या पेपराची घडी घालत होते, परत परत. स्वयंपाकघरात तेल चुरचुरत होतं.

"पण म्हणून रागावले नव्हते मी," आजी म्हणाली. आता ती सरळ फाटकाकडे बघून बोलत होती. चार वर्षांनी. "ऐकतेस का गं? सासू वाईट दाखवलीस, दाखव. होतेच मी तशी, विचार दानबीच्या आईला. पीच दाखवलास, तोही दाखव, लोकांनी चूक धरली म्हणून वाचले. पण त्यानंतर मला रडवलंस! अंगणात बसून, डोळ्याला एप्रन लावून, मागे व्हायोलिन! मी रडले होते का?"

"तू बघितलीस मालिका?" बाबांनी विचारलं.

"दोनदा. तुम्ही झोपल्यावर. मध्ये बोलू नकोस."

आत्या फाटकाच्या गजांना धरून उभी होती. "नव्हतीस रडली," ती म्हणाली. "मी रडणं लिहिलंच नव्हतं, आई. चॅनेलवाले म्हणाले, बाई रडली नाही तर लोक तिला माफ करणार नाहीत. मी फार भांडले. मग हरले."

"मग काय लिहिलं होतंस?"

"सगळे झोपल्यावर ती ताटातला तो पीच उचलते. अंगणात येते. उभ्या उभ्या खाते. सालासकट."

"आणि?"

"रस कोपरापर्यंत ओघळतो. पुसत नाही. मग कोय कुंपणापलीकडे भिरकावते आणि जाऊन झोपते. गाढ."

आजीनं नकळत स्वतःचं कोपर पुसलं. ग्रासिएलाबाईंना भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी युदीतला भाषांतर करू दिलं नाही. हात वर करून थांबवलं.

"ये आत," आजी म्हणाली.

"आई!" काका उठला. "असं कसं? बाबांची, या घराची चारचौघांत शोभा केली हिनं. आणि आजच्या दिवशी? ही आत आली तर मी ताटाला हात लावणार नाही. तुम्हीच करा श्राद्ध!"

आता, काका दुष्ट नाही. आजोबा उपाशी राहिले हे त्याला सलत होतं, आणि ते कुणावर तरी काढायचं होतं. पण थोरल्या भावानं नेहमीप्रमाणे गप्प बसायचं, आजीनं नेहमीप्रमाणे धाकट्याची समजूत काढायची आणि आत्यानं नेहमीप्रमाणे बस पकडायची, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. आजी खरंच कचरली. आत्या वळली. चपला काढायला लागली. नमस्कारासाठी.

तेवढ्यात गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. कमरेला एप्रन, कपाळाला पीठ, हातात झारा. ओट्यावरून उतरली, अंगण ओलांडलं, फाटक उघडलं आणि बाहेर आत्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. युदीतनं तोंडावर दोन्ही हात घेतले. मला त्या ब्राझीलच्या बाईची अशी आठवण आली, की शपथ!

"वहिनी, काय करताय? धिरडी अर्धी राहिलीत," काका म्हणाला.

"हो ना," आई म्हणाली. "तवा गरम आहे अजून. उलटा तुम्ही. तुमचे बाबा आहेत. माझे तर सासरे."

"वहिनी..."

"भाऊजी, मी या घरात आल्यापासून तुमच्या बाबांसाठी दर वर्षी तळतेय. त्यांना मी कधी पाहिलंसुद्धा नाही. एकदाही विचारलं नाही मी, का म्हणून. आज विचारतेय. त्यांची पोटची पोर रस्त्यावर उभी, आणि मी आत मासा सजवू? वन्सं आत येणार असतील तर मी येते. नाहीतर आम्ही दोघी बसनं जातो. कितवी हो बस, वन्सं?"

"सात नंबर," आत्या कशीबशी म्हणाली.

बाबा उठले. पेपर ओट्यावर ठेवला, चपला शोधल्या, एक सापडली, एक नाही. एका पायात चप्पल घालूनच अंगण ओलांडायला लागले.

"तू कुठे निघालास?" आजीनं विचारलं.

"मी..." बाबांनाही ठाऊक नव्हतं. "तिकडे," असं म्हणून ते बायकोच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

ओट्यावर आता आजी, दोन पाहुण्या आणि काका. आत पंधरा पदार्थांचं ताट, आणि त्यापुढे वाकायला एकटा काका. आजीनं त्याच्याकडे पाहिलं. ती त्याला ओरडेल असं मला वाटलं. ती त्याच्याजवळ सरकली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तेशिक, एकच वर्ष रे. बाकी सगळी वर्षं पोटभर जेवलेत ते. मी वाढलंय."

काकानं डोळे पुसले. मग फाटकाकडे न बघता म्हणाला, "फाटकात उभे राहू नका सगळे. ताट गार होतंय."

आत्या उंबऱ्याशी थबकली. आईनं तिला मागून झाऱ्याच्या दांड्यानं ढोसलं, आणि ती आत पडली.

त्यापुढे नुसती पळापळ. आजीनं बाबांना पेटी उचलायला लावली. "लांब ने. पार ओढ्यापलीकडे. यंदा येऊ देत त्यांना." बाबा एका चपलेवर पेटी घेऊन निघाले, आणि युदीत त्यांच्यामागे "महाराज, हा भार मजकडे द्यावा" करत धावली. आत्यानं हात धुतले आणि काही न बोलता आईशेजारी बसून उरलेली धिरडी उलटली. तिला येत नाहीत. चार फाटली. काकानं ती फाटलेलीच ताटात मांडली, बाजू मोजून.

ऊन उतरल्यावर दारं सताड उघडली. पितरांसाठी उघडतात तशी. उदबत्ती लागली. पहिला पेला थोरल्या मुलानं ओतायचा असतो. बाबांनी तांदळाच्या दारूचं भांडं उचललंही होतं. आजीनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आत्यापुढे धरलं. काकानं तोंड उघडलं. मग मिटलं.

आत्यानं ओतली, आणि पेला भरून दारू ताटात सांडली.

"एवढंही जमत नाही," आजी म्हणाली. मग ती उघड्या दाराकडे वळली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि रिकाम्या अंगणाला उद्देशून, भांडणानंतर नवऱ्याला जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली,

"अहो, उन्जू आलीय. या आत. आणि पाय पुसून या."